मराठीचे परदेशी उपासक : फादर थॉमस स्टीफन्स

आमच्या नाशिकाच्या घाटांस स्पर्श करून वाहणारी गोदावरी पुढें पैठणास पोंचते. त्या पैठणांत इ. स. १५८४ मध्यें, म्हणजे शके १५०६ मध्यें, एकनाथ महाराजांनीं एक मोठें कार्य सिद्धीस नेलें. ज्ञानेश्वरी लिहिली गेल्यास त्या वेळीं जवळजवळ तीनशें वर्षें होत आलीं होतीं. नकला करणाऱ्यांच्या हातून त्या ग्रंथांत अनेक चुका शिरल्या होत्या. कोणी कोणी आपल्या पदरची भरही घातली होती. नाथांनीं निरनिराळ्या प्रती मिळविल्या, त्या ताडून पाहिल्या, आणि ज्ञानेश्वरीचा शुद्ध पाठ तयार केला.

नेमक्या त्याच काळांत, पैठणाहून शंभराहून अधिक कोस दूर असलेल्या गोव्यांत, साष्टी नांवाच्या प्रांतीं, पस्तिशीच्या सुमाराचे एक इंग्रज पाद्री तेथील लोकांची भाषा शिकत होते. त्यांचें नांव थॉमस स्टीफन्स. पुढें ह्यांनींच मराठी ओवींत क्रिस्तपुराण रचलें. एक गोदातीरींचे संत, दुसरे टेम्स नदीच्या देशांतून आलेले धर्मोपदेशक. दोघांची भेट कधीं झाली नाहीं. तथापि जुना ग्रंथ शुद्ध स्वरूपांत पाहावा आणि उत्तम ज्ञान सामान्य जनांस कळेल अशा भाषेंत आणावें, ही जी तळमळ नाथांच्या ठायीं होती, तीच त्या वेळीं सर्व युरोपखंडांत संचार करीत होती. युरोपच्या इतिहासांत त्या कालखंडास विद्येच्या पुनरुज्जीवनाचा काल असें म्हणतात. आमचे विद्यार्थी इतिहासाच्या पुस्तकांत त्याविषयीं वाचतात, आणि तो कोठल्या तरी दूरदेशींचा विषय समजून परीक्षा संपतांच विसरून जातात. परंतु त्या पुनरुज्जीवनाचा एक प्रवाह आपल्या मराठीपर्यंत येऊन पोंचला होता. तो कसा आला आणि मध्येंच कां आटला, हें फादर स्टीफन्स ह्यांच्या चरित्रावरून चांगलें समजतें. म्हणून तें चरित्र आम्ही येथें संक्षेपानें सांगत आहों.

प्रथम त्या काळाची थोडीशी ओळख करून घेतली पाहिजे. चौदाव्या शतकापासून इटली देशांतील पंडितांस प्राचीन ग्रीक व रोमन ग्रंथांचा ध्यास लागला. मठांच्या भांडारांत धूळ खात पडलेल्या पोथ्या पेत्रार्कासारख्या कवींनीं शोधून काढल्या. १४५३ मध्यें तुर्कांनीं कॉन्स्टँटिनोपल शहर घेतलें. त्याच्या आगेंमागें तेथील कित्येक ग्रीक पंडित आपले ग्रंथ घेऊन इटलींत आले. १४५५ च्या सुमारास जर्मनींतील माइंट्स शहरीं गुटेनबर्ग ह्यानें सुट्या खिळ्यांनीं बायबल छापलें. जो ग्रंथ हातानें उतरून घेण्यास महिनेच्या महिने लागत, त्याच्या शेंकडों प्रती आतां निघूं लागल्या. १५१६ मध्यें इरॅस्मस ह्यानें नव्या कराराचा मूळ ग्रीक पाठ छापून प्रसिद्ध केला. १५४३ मध्यें कोपर्निकसाचा ग्रंथ बाहेर पडला, आणि पृथ्वीच सूर्याभोंवतीं फिरते हा विचार विद्वानांसमोर आला. मूळ ग्रंथ स्वतः पाहावा, जें ऐकलें तें पारखून घ्यावें, आणि जें कळलें तें छापून सर्वांपुढें ठेवावें, ही ह्या नव्या विद्येची त्रिविध रीति होती.

ह्या सर्व घडामोडींत जी गोष्ट आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते, ती म्हणजे लोकभाषांस लाभलेली प्रतिष्ठा. तोंपर्यंत युरोपांत विद्येची भाषा लॅटिन होती. बाजारांत आणि घरांत बोलली जाणारी भाषा शास्त्रास किंवा धर्मास योग्य नव्हे, अशी पंडितांची समजूत होती. आपल्याकडे संस्कृत आणि मराठी ह्यांविषयीं जी समजूत होती, तीच ही. एकनाथांनीं भागवतावरील आपली मराठी टीका १५७३ मध्यें काशी येथें पुरी केली, तेव्हां तेथील पंडितांनीं त्यांस प्रथम विरोध केला अशी कथा परंपरेनें सांगितली जाते. युरोपांत डांटेनें आपलें महाकाव्य इटालियन बोलींत रचून आरंभीं वाट दाखविली. १५२२ मध्यें ल्यूथरचा जर्मन नवा करार आणि १५२६ मध्यें टिंडलचा इंग्रजी नवा करार छापून निघाला. पोर्तुगालांत जुआंव द बारुश ह्यानें १५४० मध्यें आपल्या भाषेच्या स्तुतीपर एक संवाद प्रसिद्ध केला, आणि फ्रान्सांत दु बेले नांवाच्या कवीनें १५४९ मध्यें फ्रेंच भाषेची बाजू मांडणारा ग्रंथ लिहिला. ज्या वर्षीं दु बेलेचा हा ग्रंथ निघाला, त्याच वर्षीं इंग्लंडांत थॉमस स्टीफन्स ह्यांचा जन्म झाला.

विल्टशायर परगण्यांतील बुश्टन हें त्यांचें जन्मग्राम. त्यांच्या बाळपणीं इंग्लंडांत धर्माच्या बाबतींत मोठी उलथापालथ चालली होती. ते दहा वर्षांचे होण्यापूर्वींच राज्याचा पंथ दोन वेळां बदलला : सहाव्या एडवर्डच्या मागून मेरी राणी गादीवर आली तेव्हां प्रॉटेस्टंट पंथ जाऊन रोमन कॅथलिक पंथ आला, आणि १५५८ मध्यें एलिझाबेथ राणी आली तेव्हां पुन्हां प्रॉटेस्टंट पंथ आला. राजा बदलला कीं प्रजेनें आपली प्रार्थनाही बदलावी, अशी ती परिस्थिति होती. तरुण स्टीफन्स कॅथलिक पंथास चिकटून राहिले. थॉमस पाऊंड नांवाच्या आपल्या स्नेह्याबरोबर रोमला जाऊन येशूसंघांत प्रवेश करावा, असा त्यांनीं बेत केला. परंतु निघण्यापूर्वींच पाऊंड ह्यास पकडून तुरुंगांत टाकण्यांत आलें, आणि स्टीफन्स ह्यांस एकट्यानेंच देशत्याग करावा लागला. स्वतःच्या श्रद्धेसाठीं घरदार सोडावें लागणें म्हणजे काय, हें त्यांनीं ऐन तारुण्यांत अनुभवलें होतें. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें स्मरण होईल.

१५७५ मध्यें त्यांनीं रोम येथें येशूसंघांत प्रवेश केला. त्या वेळचें रोम शहर पुनरुज्जीवनाच्या वैभवानें गजबजलेलें होतें. संत पीटरच्या मंदिराचा जो भव्य घुमट मायकेलँजेलोनें आंखून दिला, तो अद्यापि अपुरा होता. क्लाव्हियस नांवाचे गणिती येशूसंघाच्या विद्यालयांत शिकवीत होते. १५८२ मध्यें पोप तेरावे ग्रेगरी ह्यांनीं जें सुधारलेलें पंचांग चालू केलें, आणि जें आज आपण सर्व जण वापरतों, त्याच्या रचनेंत क्लाव्हियस ह्यांचा मोठा वांटा होता. त्यांचेच एक शिष्य मात्तेओ रिची हे १५७८ मध्यें गोव्यास आले आणि तेथून पुढें चीन देशीं गेले. रिची ह्यांनीं चिनी पंडितांची भाषा व चालीरीति आत्मसात् केल्या. दुसऱ्याच्या देशीं जावयाचें तर त्याच्या विद्येचा विद्यार्थी होऊन जावें, ही दृष्टि ह्या पिढींतील कांहीं थोड्या लोकांस लाभली होती. स्टीफन्स हे त्यांपैकींच एक होत.

४ एप्रिल १५७९ रोजीं पांच गलबतांच्या तांड्याबरोबर ते लिस्बन बंदरांतून निघाले, आणि २४ ऑक्टोबर रोजीं गोव्यास पोंचले. साडेसहा महिन्यांचा तो प्रवास होता. पोंचल्यावर थोड्याच दिवसांत, १० नोव्हेंबर रोजीं, त्यांनीं आपल्या वडिलांस एक विस्तृत पत्र लिहिलें. केप ऑफ गुड होपचीं वादळें, आकाशांतील तारे, समुद्रावरील पक्षी, उडणारे मासे, सर्वांचें वर्णन त्यांत आहे. उत्तर-दक्षिण किती अंतर चाललों हें सूर्यावरून व ताऱ्यांवरून सांगतां येतें. परंतु पूर्व-पश्चिम किती गेलों हें सांगावयास आकाशांत तशी स्थिर खूण नाहीं, ही खलाशांची अडचणही त्यांनीं नमूद केली आहे. दीर्घ प्रवासांत ताजें अन्न न मिळाल्यामुळें हिरड्या सुजतात, पाय सुजतात, सर्व अंग ठणकूं लागतें, असा जो रोग खलाशांस होई, त्याचीं लक्षणें त्यांनीं नीट टिपलीं आहेत. त्यांच्या गलबतावर दीडशेंहून अधिक माणसें आजारी पडलीं आणि सत्तावीस दगावलीं. हें पत्र पुढें १५८९ मध्यें हॅक्लुट ह्यांच्या प्रवासवर्णनांच्या संग्रहांत छापलें गेलें, आणि हिंदुस्थानाकडे लक्ष लावून बसलेल्या इंग्रज व्यापाऱ्यांनीं तें वाचलें. हिंदुस्थानांत येऊन राहिलेले पहिले ज्ञात इंग्रज म्हणून इतिहासकार स्टीफन्स ह्यांचाच उल्लेख करतात.

ते ज्या गोव्यांत उतरले, तेथील परिस्थिति काय होती? १५१० मध्यें पोर्तुगीजांनीं गोवें घेतलें, आणि १५४३ मध्यें साष्टी व बारदेश हे प्रांत त्यास जोडले. १५५६ मध्यें तेथें छापखाना आला. तो हिंदुस्थानांतील पहिला छापखाना होय. येथवर पाहिलें तर पुनरुज्जीवनाचें सर्व साहित्य गोव्याच्या बंदरांत उतरलें होतें असें वाटेल : मुद्रणयंत्र, विद्यालयें, विद्वान पाद्री, दूरदूरच्या देशांशीं दळणवळण. परंतु त्याच गलबतांतून दुसरेंही कांहीं उतरलें होतें. १५६० मध्यें गोव्यांत धर्मन्यायालय स्थापन झालें. त्याच दशकांत साष्टींतील देवळें पाडण्यांत आलीं. कुशस्थळीचा श्रीमंगेश आणि केळशीची श्रीशांतादुर्गा ह्यांच्या मूर्ति भक्तांनीं नदीपलीकडे, त्या वेळीं पोर्तुगीज अंमलाबाहेर असलेल्या फोंडें प्रांतांत नेऊन ठेवल्या. आज त्या देवता प्रियोळ आणि कवळें येथें आहेत. हिंदूंच्या धर्मपोथ्या जप्त होत व नष्ट केल्या जात. युरोपांत जी विद्या जुन्या पोथ्या शोधून जपण्यास शिकवीत होती, तिचेच वारस म्हणविणारे राज्यकर्ते येथें दुसऱ्याच्या पोथ्या नाहींशा करीत होते. हें लिहितांना आम्हांस खेद होतो. पण जें घडलें तें झांकून इतिहास सांगतां येत नाहीं.

ह्या जुलमाचे परिणाम लवकरच दिसून आले. १५८३ च्या जुलै महिन्यांत साष्टींतील कुंकळ्ळी गांवीं लोकांचा क्षोभ झाला, आणि तेथें गेलेले येशूसंघाचे पांच धर्मोपदेशक त्यांच्या सोबत्यांसह मारले गेले. त्यांत फादर रुडोल्फ आक्वाव्हिवा हेही होते. अकबर बादशहाच्या दरबारीं जाऊन तेथील पंडितांशीं धर्मचर्चा करणारे ते हेच. पुढें पोर्तुगीज अधिकाऱ्यांनीं कुंकळ्ळीच्या प्रमुख गांवकऱ्यांस बोलणें करण्याच्या मिषानें असोळणें येथील किल्ल्यांत बोलाविलें आणि ठार मारलें. दोन्ही बाजूंनीं रक्त सांडलें. मारले गेलेले पाद्री स्टीफन्स ह्यांचे सहकारी होते, आणि साष्टी हेंच त्यांचें कार्यक्षेत्र होतें. अशा वेळीं मनुष्याच्या मनांत भीति किंवा सूड ह्यांवांचून दुसरें कांहीं उरूं नये, हें स्वाभाविक आहे. स्टीफन्स साष्टींतच राहिले, आणि त्यांनीं तेथील लोकांच्या भाषेंत आपलें चित्त अधिकच घातलें.

साष्टीचे लोक घरांत कोंकणी बोलत. पुराण-कीर्तन मात्र मराठींत ऐकत. स्टीफन्स ह्यांनीं दोन्ही भाषा आत्मसात् केल्या. १५८३ च्या ऑक्टोबर महिन्यांत, म्हणजे कुंकळ्ळीच्या प्रसंगास तीन महिनेही झाले नव्हते तेव्हां, पॅरिस येथें असलेल्या आपल्या भावास त्यांनीं लॅटिनमध्यें एक पत्र लिहिलें. त्यांत त्यांनीं एक विलक्षण गोष्ट नमूद केली : ह्या देशींच्या भाषांची घडण ग्रीक व लॅटिन भाषांच्या घडणीसारखी आहे. पुढें दोनशें वर्षांनीं, १७८६ मध्यें, सर विल्यम जोन्स ह्यांनीं कलकत्त्यास संस्कृत, ग्रीक व लॅटिन ह्या भाषांचें मूळ एकच असावें असें प्रतिपादन केलें, आणि तेथून भाषांच्या तुलनात्मक अभ्यासास जोर आला. स्टीफन्स ह्यांनीं शास्त्र रचलें नाहीं. परंतु ज्यांस इतर लोक रानटी बोली समजत, त्यांत त्यांस आपल्या पूज्य ग्रंथांच्या भाषांचें कुलसाम्य दिसलें. आदरानें पाहणाऱ्यासच असें कांहीं दिसतें.

त्यांच्या स्वभावाची ओळख पटविणारा एक प्रसंग त्याच वर्षाच्या अखेरीस घडला. राल्फ फिच, जॉन न्यूबेरी आणि त्यांचे दोन सोबती असे चार इंग्रज होर्मुझ बंदरांत पकडले जाऊन कैदी म्हणून गोव्यास आणले गेले. ते हेर असावेत असा पोर्तुगीजांस संशय होता. ते एलिझाबेथ राणीचे प्रजाजन होते, आणि तिच्याच राज्यांत स्टीफन्स ह्यांच्या पंथाच्या लोकांस तुरुंग भोगावा लागत होता. तरीही स्टीफन्स त्यांच्यासाठीं धांवून गेले आणि जामिनावर त्यांची सुटका व्हावी म्हणून खटपट केली. फिच पुढें उत्तर हिंदुस्थान, बंगाल व ब्रह्मदेश पाहून १५९१ मध्यें स्वदेशीं सुखरूप पोंचले, आणि त्यांच्या माहितीचा उपयोग ईस्ट इंडिया कंपनी स्थापणाऱ्यांस झाला.

स्टीफन्स ह्यांनीं जवळजवळ चाळीस वर्षें गोव्यांत काढलीं, आणि त्यांतील बहुतेक काळ साष्टींत गेला. तेथें नव्यानें ख्रिस्ती झालेल्या लोकांची एक अडचण त्यांच्या ध्यानांत आली. ह्या लोकांच्या आज्यापणज्यांपासून सायंकाळीं एकत्र बसून पुराण ऐकण्याची चाल होती. जुनीं पुराणें आतां बंद झालीं होतीं, आणि त्यांच्या जागीं मनास रिझवील असें कांहींच आलें नव्हतें. जुनें काढून घेतलें, तर त्याच्या ऐवजीं आम्हांस आमच्या भाषेंत कांहीं द्या, अशी मागणी एका ब्राह्मणानें केल्याचा प्रसंग क्रिस्तपुराणाच्या आरंभीं वर्णिला आहे. ह्या मागणीचें मर्म स्टीफन्स ह्यांस कळलें. भाकरीवांचून जसें शरीर, तसें कथेवांचून समाजाचें मन उपाशी राहतें. त्यांनीं मराठी पुराणांची धाटणी, ओवीची चाल आणि कथा रंगविण्याची रीति शिकून घेतली, आणि बायबलांतील कथा त्या सांच्यांत ओतली.

ग्रंथ तयार झाला. पण छापावयाचा कसा? गोव्याच्या छापखान्यांत रोमन लिपीचे खिळे होते, नागरी लिपीचे नव्हते. देशी भाषेचे ग्रंथ देशी लिपींतच छापले जावेत, ही स्टीफन्स ह्यांची फार दिवसांची इच्छा होती. १६०८ मध्यें रोम येथील आपल्या वरिष्ठांस लिहिलेल्या पत्रांत त्यांनीं ही गोष्ट मुद्दाम मांडली. अडचण अशी कीं युरोपच्या लिपीस चोवीस अक्षरांचे सांचे पुरत, आणि आपल्या लिपीस काना, मात्रा, वेलांट्या, उकार व जोडाक्षरें धरून सहाशेंच्या आसपास सांचे लागतील असा हिशेब होता. हे सांचे थोडक्यांत बसवितां येतील असेंही त्यांनीं सुचविलें. तथापि ती इच्छा त्यांच्या हयातींत पुरी झाली नाहीं, आणि १६१६ मध्यें राशोल येथें क्रिस्तपुराण छापलें गेलें तें रोमन लिपींत. योगायोग असा कीं शेक्सपियर ह्याच वर्षीं निवर्तला. इंग्लंडांत इंग्रजीचा सर्वांत मोठा कवि काळाच्या पडद्याआड गेला, आणि त्याच वर्षीं एका इंग्रजाचें मराठी काव्य जगापुढें आलें.

क्रिस्तपुराण सुमारें अकरा हजार ओव्यांचें आहे. त्याचे दोन भाग असून पहिल्यांत जगाच्या उत्पत्तीपासून जुन्या करारांतील कथा व दुसऱ्यांत प्रभु येशूचें चरित्र आलें आहे. पहिल्या भागांत ३६ आणि दुसऱ्यांत ५९ अध्याय आहेत. त्यांस कवि अवस्वरु म्हणतो. भाषा मराठी असून तींत कोंकणीचे अनेक शब्द मिसळले आहेत. स्वर्गास वैकुंठ म्हणण्यासही कवि कचरला नाहीं, कारण ऐकणाऱ्याच्या कानास तोच शब्द ओळखीचा होता. कथा पॅलेस्टाइन देशींची असली, तरी तिचा पेहराव आपल्या इकडचा आहे.

ह्या ग्रंथाच्या आरंभीं कवीनें मराठी भाषेची जी स्तुति केली आहे, ती महाराष्ट्रांत सर्वश्रुत आहे. रत्नें, फुलें, सुगंध, पक्षी, वृक्ष, तारे ह्यांत जें जें श्रेष्ठ, त्याची उपमा देऊन त्यांनीं सर्व भाषांत मराठीस मानाचें स्थान दिलें. मराठीची अशी स्तुति करण्याची परंपरा ज्ञानेश्वरांपासून आपल्याकडे होती. आणि वर सांगितल्याप्रमाणें लोकभाषेची स्तुति करण्याची परंपरा पुनरुज्जीवनाच्या काळीं युरोपांतही होती. आम्हांस असें वाटतें कीं ह्या ओव्यांत हे दोन्ही प्रवाह एकत्र आले आहेत. परंतु एक भेद आहे, आणि तो फार मोठा आहे. बारुशनें पोर्तुगीजची स्तुति केली, ती त्याची मायबोली म्हणून. दु बेलेनें फ्रेंचची केली, ती त्याची मायबोली म्हणून. स्टीफन्स ह्यांनीं जिची स्तुति केली ती मराठी त्यांच्या आईची भाषा नव्हती, त्यांच्या राजाची नव्हती, त्यांच्या संघाचीही नव्हती. ती जिंकलेल्या लोकांची भाषा होती. आपल्या आईवर प्रेम सर्वच करतात. दुसऱ्याच्या आईस आईचा मान देणारे थोडे.

१६१९ मध्यें, सत्तर वर्षांचे असतांना, फादर स्टीफन्स गोव्यांतच निवर्तले. ते इंग्लंडास परत गेले नाहींत. त्यांनीं कोंकणींत लिहिलेली ख्रिस्ती धर्माची प्रश्नोत्तरी त्यांच्यामागें १६२२ मध्यें छापली गेली. त्यांनीं रचलेलें कोंकणीचें व्याकरण फादर दियोगु रिबैरु ह्यांनीं भर घालून तयार केलें, तें १६४० मध्यें राशोल येथें निघालें. हिंदुस्थानांतील चालू भाषांपैकीं एखाद्या भाषेचें छापलेलें पहिलें व्याकरण म्हणून अभ्यासक त्याचा गौरव करतात.

क्रिस्तपुराण देवळांतून वाचलें जाऊं लागलें, आणि १६४९ व १६५४ मध्यें त्याच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. परंतु स्टीफन्स ह्यांची दृष्टि त्यांच्या राज्यकर्त्यांपाशीं नव्हती. १६८४ मध्यें पोर्तुगीज व्हाइसरॉयानें हुकूम काढला कीं लोकांनीं तीन वर्षांच्या आंत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावें. सतराव्या शतकाच्या अखेरीस गोव्यांतील मुद्रणही थंडावलें. तेथें पुन्हां छापखाना सुरू झाला तो १८२१ मध्यें. जेथें हिंदुस्थानांतील पहिलें मुद्रणयंत्र आलें, तेथेंच तें दीर्घकाळ मुकें झालें. युरोपांत छापखाना आणि लोकभाषा हातांत हात घालून चालल्या, म्हणून तेथें विद्या घराघरांत शिरली. गोव्यांत छापखाना आला, पण लोकभाषेचा गळा आवळला गेला. म्हणून तेथें विद्येचें झाड मूळ धरण्यापूर्वींच सुकलें. यंत्र जहाजांतून आणतां येतें. आदर तसा आणतां येत नाहीं.

क्रिस्तपुराण मात्र नष्ट झालें नाहीं. राशोल येथील छापील आवृत्तीची एकही प्रत आज उपलब्ध नसली, तरी हस्तलिखितांच्या द्वारें ग्रंथ टिकून राहिला. गोवें सोडून मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनीं तो जपला, आणि अशा हस्तलिखितांच्या आधारें १९०७ मध्यें जोसेफ सालदान्हा ह्यांनीं मंगळूर येथें तो छापला. पुढें १९२० नंतरच्या दशकांत, मराठी संतांच्या चरित्रांचे भाषांतरकार डॉ. जस्टिन अॅबट ह्यांनीं लंडन येथील मार्सडेन संग्रहांतील नागरी लिपींतल्या हस्तलिखितांकडे अभ्यासकांचें लक्ष वेधलें. अखेर १९५६ मध्यें शांताराम बंडेलू ह्यांनीं संपादिलेली नागरी लिपींतील आवृत्ति पुण्यास प्रसिद्ध झाली. ज्या लिपींत आपले शब्द छापले जावेत म्हणून कवि तळमळला, त्या लिपींत ते छापले जाण्यास ३४० वर्षें लागलीं.

फादर स्टीफन्स ह्यांचें मूल्यमापन कसें करावें? ते धर्मोपदेशक होते, आणि ग्रंथ लिहिण्यांत त्यांचा हेतु धर्मप्रसाराचा होता, हें उघड आहे. ज्या सत्तेच्या आश्रयानें ते गोव्यांत राहिले, त्या सत्तेनें लोकांवर जुलूम केला, हेंही तितकेंच उघड आहे. स्वदेशीं जें दुःख त्यांच्या पंथाच्या लोकांच्या वांट्यास आलें, तेंच साष्टींत हिंदूंच्या वांट्यास आलें. स्टीफन्स ह्यांस तो जुलूम थांबवितां आला नाहीं. परंतु त्यांच्या हातीं जें होतें, म्हणजे स्वतःची लेखणी आणि स्वतःची वागणूक, त्यांत त्यांनीं तिरस्कारास जागा दिली नाहीं. हुकूम सोडून लोकांस आपल्या भाषेंत ओढण्यापेक्षां स्वतः त्यांच्या भाषेंत जाऊन बसणें त्यांनीं पसंत केलें. म्हणूनच हुकूम काढणाऱ्यांचीं नांवें आज दफ्तरांत पडून आहेत, आणि स्टीफन्स ह्यांच्या ओव्या सर्व धर्मांच्या मराठी मुलांच्या पाठ्यपुस्तकांत येऊन बसल्या आहेत.

मराठी मुलखांत छपाईचें युग यावयास पुढें पुष्कळ काळ लागला. १८०५ मध्यें विल्यम केरी ह्यांनीं बंगालमध्यें श्रीरामपूर येथें मराठीचें व्याकरण छापलें. १८३१ मध्यें मोल्सवर्थ ह्यांचा मराठी-इंग्रजी कोश निघाला. आणि १८३२ मध्यें बाळशास्त्री जांभेकर ह्यांनीं मुंबईस दर्पण पत्र सुरू केलें. मराठींतील नवविद्येचा उदय येथून मानतात. स्टीफन्स ह्यांनीं उघडलेली वाट मात्र आमच्या नाशिकाच्या मातीशींही येऊन मिळाली आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक ह्यांनीं येशूचें चरित्र मराठी काव्यांत गाण्यास आरंभ केला. १९१९ मध्यें, म्हणजे स्टीफन्स ह्यांच्या मृत्यूनंतर बरोबर तीनशें वर्षांनीं, ते निवर्तले आणि तें काम अपुरें राहिलें. तें पुढें नेलें त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनीं. लक्ष्मीबाईंचा जन्म नाशिकाजवळच्या जलालपूरचा, आणि त्यांचा अंतही १९३६ मध्यें नाशिकासच झाला. शाळेचें रीतसर शिक्षण न लाभलेल्या ह्या बाईंनीं पूर्ण केलेलें ख्रिस्तायन १९३८ मध्यें प्रसिद्ध झालें. एका परदेशी पंडितानें ज्या भाषेंत येशूची कथा कष्टानें रचली, त्याच भाषेंत ती आमच्या गांवच्या एका कन्येनें सहज गाइली.

आमच्या शाळेंतील मुलें आज इंग्रजी शिकतात, आणि तें योग्यच आहे. कारण जगांतील विद्येचीं अनेक दारें त्या किल्लीनें उघडतात. पण कित्येक घरांतून असें दिसतें कीं मूल इंग्रजींत बोलूं लागलें म्हणजे आईबापांस धन्यता वाटते, आणि त्यास मराठीचें पुस्तक नीट वाचतां आलें नाहीं तरी कोणास खंत वाटत नाहीं. त्या पालकांस आमची विनंति आहे कीं एका इंग्रजानें चारशें वर्षांपूर्वीं काय केलें तें त्यांनीं पाहावें. त्यांस लॅटिन येत होती, इंग्रजी तर त्यांची जन्मभाषाच होती, आणि राज्यकर्त्यांची पोर्तुगीज त्यांच्या रोजच्या व्यवहाराची होती. एवढें असूनही आयुष्यांतील सर्वांत मोठें काम त्यांनीं मराठींत केलें. विद्यार्थ्यांनीं इंग्रजी मन लावून शिकावी. आणि घरीं गेल्यावर आजीजवळ बसून एखादी ओवी मोठ्यानें वाचून दाखवावी, मग ती ज्ञानेश्वरींतील असो, एकनाथी भागवतांतील असो, कीं क्रिस्तपुराणांतील असो.